वाळूची खोली परत उघडा: आमच्या शाळेच्या विश्वस्त मंडळाला खुलं पत्र

माननीय अध्यक्ष, सर्व विश्वस्त आणि मुख्याध्यापिका बाई,

सप्रेम नमस्कार.

मी आपल्या शाळेत सातवीत शिकणाऱ्या एका मुलाची आई. जूनपासून तीन वेळा ऑफिसात येऊन गेले, दोन अर्ज दिले, त्यातल्या एकाची पोच माझ्याकडे आहे, पण उत्तर काही आलं नाही, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय. शाळेचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. मला शाळेची बदनामी करायची नाही, माझं पोरगं तिथंच शिकतंय आणि दहावीपर्यंत तिथंच शिकावं असं मला मनापासून वाटतं. ज्यांना पत्र आहे त्यांना ते आपल्यालाच आहे हे कळेल. बाकीच्या आईवडिलांनी एवढ्यासाठी वाचावं की उद्या तुमच्या शाळेतही हेच होऊ शकतं.

विषय एका खोलीचा आहे. दुसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून जी छोटी खोली होती, जिथं काउन्सेलर मॅडम बसायच्या, तिला मुलं "वाळूची खोली" म्हणायची. आत दोन लाकडी ट्रे, एकात कोरडी वाळू, एकात ओली, आणि भिंतीला लावलेल्या फळ्यांवर बारीकसारीक खेळणी. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती खोली रिकामी केली, जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा दारावर रोबोटिक्स लॅबची पाटी होती. आम्हाला कुणी सांगितलं नाही. मला माझ्या मुलाकडून कळलं. पहिल्याच दिवशी घरी आला, दप्तर ठेवलं आणि म्हणाला, "आई, खोली नाहीये."

आता माझा यात काय संबंध ते सांगते, जरा लांबेल पण सांगायलाच हवं. आणि एक गोष्ट आधीच स्पष्ट करते, हे सगळं मी त्याला विचारून लिहितेय. तो म्हणाला, पहिल्या ट्रेचं लिही, म्हशीचं लिही, साबणाच्या डबीचं लिही, पण शेवटी मी काय केलं होतं ते नाही लिहायचं. तर ते मी लिहिणार नाही. (खरं म्हणजे ते मलाही नीट माहीत नाही.)

आमचं घर सांगलीच्या गावभागात, नदीच्या जवळ. 2019 च्या ऑगस्टमध्ये काय झालं ते सांगलीत कुणाला सांगायची गरज नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोका पातळी 45 फुटांची, पाणी गेलं 57 च्या वर. 2005 चा पूर बघितलेली आमच्यातली मोठी माणसं म्हणत होती, तेव्हा आपल्या दुसऱ्या पायरीला लागून उतरलं होतं, यावेळी पण तेवढंच येईल, आणि त्या भरवशावर आम्ही थांबलो आणि अडकलो. दोन रात्री वरच्या मजल्यावर काढल्या. लाईट नाही, मोबाईलची बॅटरी संपलेली, खाली अंधारात भांडी पाण्यावर तरंगून एकमेकांवर आपटायची त्याचा आवाज. मुलगा तेव्हा सहा वर्षांचा, पहिलीत. तिसऱ्या दिवशी बोट आली तेव्हा मी, सासूबाई आणि हा, तिघं गेलो, सासरे आणि मिस्टर पुढच्या फेरीला आले. पुढची फेरी चार तासांनी झाली. त्या चार तासांत हा एक शब्द बोलला नाही, रडला पण नाही, आणि त्यानंतर पुराबद्दल कधी काही बोललाच नाही. आम्हाला वाटलं लहान आहे, विसरला. बरं झालं असंही वाटलं.

पण रोज रात्री झोपायच्या आधी तो वह्यापुस्तकं प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा, पिशवीला गाठ मारायचा आणि कपाटावर ठेवायला लावायचा. उन्हाळ्यात सुद्धा. पाऊस लागला की घरातली मोठी माणसं सवयीने विचारतात, "आयर्विनला किती झालं?", हा प्रश्न ऐकला की जेवण अर्धं टाकून वर जायचा. मग कोरोना आला, शाळा बंद, आणि 2021 च्या जुलैत पुन्हा पाणी 50 च्या वर. त्यावेळी आम्ही शहाणे झालो होतो, आधीच निघालो, काही झालं नाही. पण त्यानंतर तो वर्गात बोलेनासा झाला. घरी बोलायचा, गरजेपुरतं. वर्गात हजेरीला नुसता हात वर करायचा. मिरजेला मानसोपचारतज्ज्ञांना दाखवलं, त्यांनी नीट तपासलं, आम्हाला धीर दिला, आणि सांगितलं की याला बोलायला भाग पाडू नका, त्याला दुसरी कुठली तरी वाट द्या.

2022 च्या जूनमध्ये, तो चौथीत गेला तेव्हा, आपल्या शाळेत मॅडम आल्या आणि ती वाट मिळाली. त्यासाठी मी आपल्या मंडळाची आजही आभारी आहे. हो, ती खोली तुम्हीच दिली होती, हे मी विसरलेली नाही. म्हणून तर जास्त लागतंय.

सँड ट्रे म्हणजे काय ते थोडं सांगते, कारण मार्चच्या पालक सभेत एका विश्वस्तांनी म्हटलं होतं, "वाळूत खेळायला खाली मैदान आहे." मला तेव्हा उत्तर सुचलं नाही, घरी येऊन सुचलं.

ट्रे साधारण अडीच फूट लांब, पावणेदोन फूट रुंद आणि फक्त तीनेक इंच खोल. माप उगाच नाही ठरलेलं, ट्रेसमोर उभं राहिलं की मान न वळवता अख्खा ट्रे एका नजरेत मावतो. आतून निळा रंग दिलेला असतो. वाळू बाजूला सारली की खाली निळं दिसतं, म्हणजे नदी झाली, तळं झालं, समुद्र झाला. मुलानं यायचं, हवी ती खेळणी उचलायची, हवं ते मांडायचं. काय मांड हे सांगायचं नाही, का मांडलंस हे विचारायचं नाही. मॅडम शेजारी बसून असतात, पूर्ण लक्ष देऊन, पण हात लावत नाहीत. झालं की मूल वाटलं तर सांगतं, नाही वाटलं तर नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मूल खोलीतून बाहेर जाईपर्यंत त्याची मांडामांड मोडायची नाही. तो गेल्यावर मग मॅडम एकेक वस्तू उचलून फळीवर ठेवतात.

मैदानावर हे होत नाही हो. मैदानावर दुसरा पोरगा येऊन लाथ मारून जातो. इथं ती लाथ येणार नाही याची खात्री असते, सगळं काम त्या खात्रीवर चालतं. म्हणून ज्या गोष्टीला शब्द नाहीत ती बाहेर ठेवून बघता येते, आपल्या हातानं, आपल्यापेक्षा लहान करून. एवढा मोठा पूर अडीच फुटात मावतो आणि तो थांबवायचा की नाही हे एका लहान पोराच्या हातात असतं.

हे कुणी काल काढलेलं फॅड नाही. मार्गारेट लोवेनफेल्ड नावाच्या एक डॉक्टर होत्या इंग्लंडमध्ये, पहिल्या महायुद्धानंतर पोलंडमध्ये मदतकार्यात जाऊन होरपळलेली माणसं आणि मुलं बघून आलेल्या. त्यांनी 1928 मध्ये लंडनला मुलांसाठी दवाखाना काढला. तिथं खेळण्यांची पेटी होती आणि वाळूचा ट्रे होता, आणि मुलांनीच पेटीतली खेळणी नेऊन वाळूत मांडायला सुरुवात केली, त्या मांडणीला "जग" हे नाव पण मुलांनीच दिलं. म्हणजे ही पद्धत मोठ्यांनी शोधलीच नाही, पोरांनी शोधली आणि एका डॉक्टरीणबाईंनी ती मोडली नाही, एवढंच. 1929 ची गोष्ट आहे ही, आपला आयर्विन पूल वाहतुकीला खुला झाला त्याच वर्षीची. पुढं स्वित्झर्लंडच्या डोरा काल्फ 1956 मध्ये लंडनला जाऊन हे शिकल्या आणि त्यांनी त्याला आपली वेगळी दिशा दिली. मुलाला एक मोकळी आणि तरी सुरक्षित जागा पाहिजे, असं त्या म्हणायच्या. त्यांच्याकडून हायाओ कवाई या मानसशास्त्रज्ञांनी 1965 च्या सुमारास ते जपानमध्ये नेलं, तिथं तर पटकन रुजलं, कारण पेटीत छोटी बाग करायची त्यांची जुनी पद्धत होतीच, लोकांना ते परकं वाटलं नाही. 2008 मध्ये चीनच्या सिचुआनला मोठा भूकंप झाला तेव्हा तिथले तज्ज्ञ वाळूचे ट्रे घेऊन मुलांपर्यंत गेले होते.

आणि आपल्याला तरी हे परकं का वाटावं? आता दिवाळी तोंडावर आलीय, गल्लीगल्लीत पोरं माती कालवायला लागलीत. किल्ला करताना बघितलंय ना मुलांना? महाराज कुठं बसवायचे, तोफ कुठल्या तोंडाला, आळीव कुठं पेरायचे, यावरून तास तास चालतं. मावळ्यांच्या शेजारी वाघ, वाघाशेजारी प्लास्टिकची गाडी, पायथ्याशी विहीर, आणि त्या विहिरीत पाणी टिकत नाही म्हणून प्लास्टिकचा कागद. कुणी त्यांना सांगतं का असं कर? आपल्या आज्या-पणज्यांच्या वेळी मुलं पहिलं अक्षर धूळपाटीवर बोटानं गिरवायची, चुकलं की हात फिरवला, पुन्हा कोरी. भातुकलीत तर आम्ही पोरींनी अख्खा संसार मांडून मोडलाय, घरात ऐकलेली भांडणं बाहुल्यांच्या तोंडून पुन्हा भांडलोय. मोठ्यांसमोर बोलता न येणारं खेळण्याच्या तोंडून बोलायचं हे आपल्याकडं प्रत्येक बाईला माहीत आहे. मॅडमनी फक्त त्याला एक दार, एक कडी आणि एक शिकलेलं माणूस दिलं.

त्या खोलीतली खेळणी पण बघण्यासारखी होती. सावंतवाडीची लाकडी भांडी आणि फळं, कुणीतरी आणलेले मावळे, एसटी, अँब्युलन्स, तुळशीवृंदावन, रत्नागिरीचे शंख, बिनहाताची एक बाहुली (ती मुद्दाम ठेवली होती, मॅडम म्हणायच्या मोडकं पण पाहिजे), साप, पोलीस, गणपती. वाळू आम्ही चार आयांनी धुतली होती. बांधकामाची वाळू आणून आधी चाळली, मग सहा-सात पाणी काढली तेव्हा कुठं वरचं पाणी नितळ आलं, मग शाळेच्या गच्चीवर जुन्या साड्यांवर पसरून तीन दिवस उन्हात वाळवली. एवढी वाळू अशी कुरवाळायला मी पहिल्यांदाच बसले होते. तेव्हा कळलं हात घातला की कसं शांत वाटतं ते.

माझ्या मुलाचं आता. पहिले कित्येक आठवडे तो एकच करायचा. ओल्या ट्रेमध्ये घरं मांडायची, दाटीवाटीनं, आणि मग भांड्यातून पाणी ओतायचं. घरं बुडेपर्यंत. मग हात पुसून वर्गात जायचा. मला हे तेव्हा माहीत नव्हतं, त्यानं आत्ता सांगितलं. मी मॅडमना विचारायची, काय करतो, काय बोलतो, तर त्या म्हणायच्या, "तो काम करतोय, वेळ लागेल, आणि आतलं मी तुम्हाला सांगणार नाही, त्याला वाटलं तर तो सांगेल." मला राग यायचा खरं तर. आई आहे मी. नंतर कळलं की त्याच न सांगण्यावर सगळं उभं होतं.

मग एक दिवस त्यानं फळ्यांवर बोट शोधली. बोट नव्हती. मॅडमनी विचारलं, कशी पाहिजे? तो म्हणाला, केशरी. कुणाची तरी केशरी साबणाची डबी होती, तिचा खालचा भाग त्यांनी पुढच्या वेळी आणून ठेवला, आणि ती बोट झाली. मग त्याला म्हैस पाहिजे होती. बाजारातल्या प्राण्यांच्या सेटमध्ये जिराफ असतो, पाणघोडा असतो, म्हैस नसते. मॅडमनी बेंदराच्या सणाचा मातीचा बैल घेतला आणि त्याला काळा रंग दिला. आमच्या शेजाऱ्यांची म्हैस होती, पुरात दावणीला बांधलेली राहिली. ती त्यानं वरच्या खिडकीतून बघितली होती. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं की त्यानं बघितलंय.

चौथीच्या दिवाळीनंतरची गोष्ट, मी भाकरी थापत होते, हा ओट्याजवळ येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आई, म्हशीचं दावं कुणीतरी सोडलं असतं तर ती पोहली असती ना?" तीन वर्षांनी पुराबद्दलचं पहिलं वाक्य. मी भाकरी तव्यावर तशीच जाळली. म्हटलं, हो बाळा, म्हशी पोहतात. मग आम्ही दोघं तिथंच खाली बसलो.

वाळूने जादू केली असं मी म्हणत नाही. डॉक्टर होते, आजी होती, वर्गातला एक मित्र होता जो याच्याऐवजी "हजर" म्हणायचा. आजही जोराचा पाऊस लागला की तो अस्वस्थ होतो. पण वह्या आता पिशवीत जात नाहीत. आणि मागच्या वर्षी वर्गात उभं राहून त्यानं कविता म्हटली, ती ऐकायला मी दाराबाहेर उभी होते.

आता माझ्या तक्रारी. एकेक सांगते.

पहिली, विचारलं नाही. रोबोटिक्स लॅबला माझा विरोध नाही, माझ्या मुलाला पण ती आवडते. पण इमारतीत तळमजल्यावर जुन्या बाकांची खोली आहे, स्पर्धा परीक्षेच्या क्लासला संध्याकाळी देता तो हॉल आहे. नेमकी हीच खोली का? आणि हीच पाहिजे होती तर ज्या मुलांचं काम तिथं अर्ध्यात होतं त्यांना आधी का नाही सांगितलं? उपचारात शेवट करायची एक रीत असते, मुलाला आधी सांगतात की आता एवढ्या वेळा राहिल्या, मग निरोप घेतात. इथं मुलं मे महिन्यात "भेटू जूनमध्ये" म्हणून गेली आणि परत आली तेव्हा काहीच नव्हतं. ज्या पोरांच्या आयुष्यातून आधीच काहीतरी अचानक गेलंय, त्यांच्याबरोबर आपण तेच पुन्हा केलं. किती मुलं होती मला माहीत नाही, मॅडमनी कधी आकडा सांगितला नाही आणि ते बरोबरच होतं.

दुसरी तक्रार सगळ्यात मोठी आहे आणि ती खोली बंद व्हायच्या आधीची आहे. डिसेंबरच्या स्नेहसंमेलनात आपण "शाळेचे उपक्रम" म्हणून प्रदर्शन लावलं, त्यात मुलांच्या ट्रेचे फोटो होते. मोठे प्रिंट, खाली इयत्ता आणि तुकडी. मॅडम ते फोटो फाईलसाठी काढायच्या, पुढच्या वेळी काय बदललं ते बघायला, आणि मुलांना विचारून काढायच्या. त्या प्रिंट कुणी कुणाच्या सांगण्यावरून काढल्या ते मला माहीत नाही, पण मॅडम त्या दिवशी प्रदर्शनाच्या खोलीत एकट्या उभ्या राहून एकेक फोटो उतरवत होत्या हे मी डोळ्यांनी बघितलंय. तोपर्यंत अर्ध्या गावानं बघून झालं होतं. माझ्यासमोर एका बाईनं एका फोटोकडं बोट दाखवून म्हटलं, "हा बघा, साप घातलाय घरात, याच्या घरी काहीतरी गडबड असणार." आणि ते मूल तिथं शेजारीच उभं होतं हो. माझं नव्हतं, दुसऱ्या कुणाचं तरी. त्याचा चेहरा मला अजून दिसतो.

साप म्हणजे हे आणि वाघ म्हणजे ते, असं नसतं. एका मुलाचा साप भीतीचा, दुसऱ्याचा नागपंचमीचा, तिसऱ्यानं फक्त हाताला लागला म्हणून ठेवलेला. शिकलेली माणसं सुद्धा एका ट्रेवरून काही ठरवत नाहीत, महिनोन्महिने बघतात, आणि भिंतीवर लावलेल्या फोटोवरून तर कुणीच काही ठरवू नये. भारताने 1992 मध्ये बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता दिली. त्यातलं 31 वं कलम मुलाच्या खेळण्याच्या हक्काचं आहे आणि 16 वं त्याच्या खासगीपणाचं. आपल्या 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात रुग्णाची माहिती गुप्त ठेवायचा हक्क लिहिलेला आहे. शाळा म्हणजे हॉस्पिटल नाही हे मला कळतं. पण हॉस्पिटलमधल्या मोठ्या माणसाला जे मिळतं ते शाळेतल्या लहान मुलाला मिळू नये असं कुठल्या विश्वस्तांना वाटतं, ते मला समोर बसून सांगावं.

माझ्या मुलाचा फोटो त्यात होता. त्यानंतर तो तीन आठवडे त्या खोलीत गेला नाही. मग गेला, पण मॅडमना म्हणाला, "आता फोटो नको."

तिसरी, मॅडमना त्यांचं काम करू दिलं नाही. नेमणूक काउन्सेलर म्हणून, पण शिक्षक गैरहजर असले की वर्गावर, परीक्षेत सुपरव्हिजनला, ॲडमिशनच्या दिवसांत फॉर्म तपासायला. मूल ठरलेल्या वेळी खोलीशी यायचं आणि कुलूप असायचं. अकरा महिन्यांचं काँट्रॅक्ट होतं ते यावर्षी पुढं वाढवलं नाही. त्या जागी आता महिन्यातून एकदा हॉलमध्ये सगळ्यांना एकत्र बसवून व्याख्यान असतं. व्याख्यानं वाईट नाहीत. पण ज्या पोराला हजेरी देता येत नाही तो चारशे मुलांत हात वर करून "मला भीती वाटते" असं सांगेल का? सुप्रीम कोर्टाने याच जुलैमध्ये, 2025 च्या, सांगितलंय की 100 किंवा जास्त विद्यार्थी असतील त्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता पाहिजे. आपल्या शाळेत किती मुलं आहेत ते आपल्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

स्वच्छतेचं कारणही ऐकलं, वाळूत किडे होतात म्हणून. वाळू वरचेवर चाळायची, अधूनमधून धुऊन उन्हात घालायची, ट्रेवर झाकण ठेवायचं. आम्ही करत होतो, पुढेही करू. हा मुद्दा इथंच संपतो.

आता मागण्या. फार नाहीत.

खोली परत द्या. तीच पाहिजे असा हट्ट नाही, तळमजल्यावरची बाकांची खोली चालेल, पण दार बंद होणारी पाहिजे, रस्ता तिच्यातून जाणारा नको, आणि तिचा दुसरा वापर नको. (तळमजला म्हटल्यावर माझा मुलगा म्हणाला, पुरात बुडेल. तर फळ्या उंच लावू.)

काउन्सेलर पूर्ण वेळ नेमा, प्रशिक्षण असलेली व्यक्ती नेमा, आणि तिला दुसरं काम देणार नाही असं नेमणूकपत्रातच लिहा. जुन्या मॅडमना बोलवता आलं तर उत्तम, मुलांना नव्यानं ओळख करून घ्यावी लागणार नाही. त्या येणार नसतील तर निदान ज्यांचं अर्ध्यात राहिलं त्या मुलांना एकेकदा भेटून निरोप घेण्यासाठी त्यांना बोलवा, आणि त्याचं मानधन शाळेनं द्या.

प्रदर्शनातल्या सगळ्या प्रिंट आणि कुणाच्या फोनमध्ये, शाळेच्या कॉम्प्युटरवर, ग्रुपवर जे फोटो असतील ते काढून टाका आणि तसं लेखी कळवा. ज्या मुलांचे फोटो लावले त्यांची माफी मागा. जाहीर नको, पुन्हा त्यांनाच ओळखलं जाईल. प्रत्येकाला वेगळं, बंद पाकिटात, अध्यक्षांच्या सहीनं. मुलांना पत्र आलेलं आवडतं आणि ती जपून ठेवतात.

आणि एक लेखी नियम करा, की त्या खोलीतलं बाहेर काय जाईल आणि काय नाही. मुलाच्या जिवाला धोका असेल, त्याच्यावर कुणी अत्याचार करत असेल तर सांगावंच लागतं, तिथं गप्प बसायचं नाही, लैंगिक अत्याचार असेल तर तो कायदाच आहे. बाकी काही नाही. आम्हा आईवडिलांना सुद्धा नाही. हे मी आई म्हणून लिहितेय.

उत्तर दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडेल त्या आठवड्यात मिळावं ही विनंती. बोलवलंत तर येईन, आणखी काही पालक यायला तयार आहेत. वाळू आम्ही आणू, धुऊ, वाळवू. खेळण्यांसाठी घरोघरी फिरू, जुनी खेळणी कुणाकडं नसतात?

एक राहिलं. ती वाळू कुठं गेली ते आम्हाला सप्टेंबरमध्ये कळलं. खेळाच्या तासाला माझा मुलगा लांब उडीच्या खड्ड्यात पडला आणि उठताना त्याच्या हाताला काहीतरी लागलं. साबणाची केशरी डबी. खोली रिकामी करताना ट्रे तिथं ओतले होते, आतल्या वस्तूंसकट. त्यानं आणि त्याच्या मित्रानं मधल्या सुट्टीत तो खड्डा हातानं चाळला, एक शंख मिळाला, एसटीचं एक चाक मिळालं, म्हैस नाही मिळाली, मातीची होती, विरघळली असणार. ते सगळं त्यानं घरी आणून धुऊन एका डब्यात ठेवलंय. मी म्हटलं, तुझ्या टेबलावर ठेव की बोट. तर म्हणाला, "माझी कुठाय, खोलीतली आहे ती."

डबा आमच्याकडं आहे. खोली उघडली की आणून देऊ.

आपली नम्र,
इयत्ता सातवीतल्या एका मुलाची आई
सांगली, ऑक्टोबर 2025